दिवसाउजेडी मोटर

जालन्याच्या माणसाला साठवण शिकवायच्या भानगडीत कुणी पडू नये. नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, आणि दुष्काळाच्या साली कधी ते नळालाच विचारावं, अशा गावात आम्ही वाढलो. इथे घर दाखवताना माणूस खोल्या किती हे नंतर सांगतो, आधी हौद किती लिटरचा ते सांगतो. सोयरीक जुळवायला आलेली मंडळीसुद्धा मुलाचा पगार हळू आवाजात विचारतात आणि ‘‘बोअरला पाणी आहे ना हो?’’ हे खणखणीत विचारतात. नळाला पाणी आलं की पिंप, टाक्या, हंडे, कळश्या, बादल्या भरतात. मग पातेली, मग तांबे, आणि शेवटी हाताला काहीच लागलं नाही तर प्रेशर कुकर. त्या दिवशी वरणाला शिट्टी होत नाही.

आमची गल्ली मस्तगडातली, आणि मस्तगड तर या विद्येचं जुनं पीठ. आसफजहाच्या हुकमावरून काबिलखानानं १७२५ मध्ये गावाच्या पूर्वेला किल्ला बांधला, त्यातला हा बालेकिल्ला. बांधकामाची साल सांगणारा फारसी शिलालेख आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती आतली भली मोठी विहीर, सज्जे आणि खोल्या असलेली. काबिलखानाला जालना बरोबर कळलं होतं. शत्रू यायचा तेव्हा येईल, पाणी आधी धरून ठेवा.

एवढं सगळं धरून ठेवणाऱ्या मस्तगडाला एकच गोष्ट धरता आली नाही, ती म्हणजे ऊन. आणि ऊन आमच्याकडे न मागता येतं. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. असलाच तर कुल्फीवाला असतो. संध्याकाळी सात वाजता सूर्य घरी जातो आणि नेमका त्याच वेळेला गल्लीतला प्रत्येक कूलर, पंखा, टीव्ही, मिक्सर आणि पाण्याची मोटर एकदम जागी होते. माल भरपूर असतो तेव्हा गिऱ्हाईक झोपलेलं, आणि गिऱ्हाईक उठून पिशवी घेऊन निघतं तेव्हा दुकानाचं शटर खाली. सौरऊर्जेची जगभरची अडचण ती एवढीच. तिच्यावर मोठमोठ्या देशांत परिषदा भरतात. आमच्याकडे ओट्यावर भरते.

ओट्यावरच्या परिषदेला जोर आला तो फेब्रुवारी २०२४ नंतर. ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आली. एका किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजार. शिवाय महिन्याला ३०० युनिटपर्यंत फुकट विजेची गोष्ट. ‘फुकट’ कानावर पडलं की आमची गल्ली आधी संशय घेते, मग चौकशी करते, आणि मग शेजाऱ्यानं अर्ज भरला असं कळलं की रात्रीतून कागदपत्रं गोळा करते.

पहिला मान अण्णांचा. अण्णांनी तीन किलोवॅटचं पॅनल बसवलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि पहिलं भांडण त्याच दिवशी झालं. कारण शेजारच्या काकूंची गच्ची अण्णांच्या गच्चीला लागून, आणि ऐन कुरडयांच्या हंगामात पॅनलची सावली काकूंच्या साडीवर पडली. साडीवर म्हणजे गच्चीत पसरलेल्या. तिच्यावर कुरडया होत्या.

‘‘अण्णा, तुमची लाईट तुम्हाला लखलाभ. माझं ऊन कामून अडवता?’’

‘‘काकू, हे ऊन रात्रीला वापरायसाठी आहे. सायन्स आहे.’’

‘‘मग माझ्या कुरडया काय आज दुपारीच खायसाठी आहेत व्हय? त्या आषाढात तळायच्या आहेत!’’

काकूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. एप्रिल-मेचं ऊन आषाढापर्यंत टिकवायचं काम मराठवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि त्यासाठी त्यांना कुणी एक रुपया अनुदान दिलेलं नाही. शेवटी तडजोड झाली. पॅनल जागच्या जागी राहिलं, साडी हात-दीड हात सरकली आणि आषाढातल्या कुरडयांमध्ये अण्णांचा वाटा ठरला.

मग अण्णांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आलं. आत्ता किती वीज तयार होते ते त्यात दिसायचं. अण्णांनी ते इतक्यांदा बघितलं की तयार झालेली निम्मी वीज मोबाईल चार्ज करण्यात गेली असावी. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे अण्णांना रोजचे बारा, महिन्याचे साडेतीनशेच्या घरात. भेटेल त्याला ते सांगायचे, ‘‘आपला आता लाईटशी संबंध संपला.’’

हे वाक्य बोलून झाल्यावर काही दिवसांतच भर दुपारी एक वाजता लाईट गेली. वर सूर्य तळपतोय, पॅनलवर अंडं फोडलं तर आम्लेट व्हावं अशी आग, आणि खाली अण्णांच्या घरातला पंखा बंद. सगळी गल्ली अण्णांच्या दारात जमली. एरवी लाईट गेल्यावर कुणी कुणाच्या दारात जमत नाही.

वायरमन आला. त्याला अण्णांनी गच्चीवर नेऊन साक्षात सूर्य दाखवला.

‘‘हे बघ. हे काय आहे?’’

‘‘सूर्य आहे अण्णा.’’

‘‘आणि हे?’’

‘‘पॅनल.’’

‘‘मग माझ्या घरात लाईट कामून नाही?’’

‘‘कारण लाईट गेलेली आहे ना अण्णा.’’

वायरमन बरोबर होता. गच्चीवरची बहुतेक पॅनलं ज्या इन्व्हर्टरला जोडलेली असतात तो ग्रिडच्या तालावर चालतो; ग्रिड गेलं की तोही स्वतःला बंद करून घेतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताला अण्णांच्या गच्चीवरून आलेला करंट लागू नये म्हणून. हे ऐकल्यावर अण्णा जरा शांत झाले. ‘‘तुझ्या जिवासाठी आहे म्हणतोस, तर राहू दे,’’ असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, जणू कायदा त्यांच्या परवानगीसाठी थांबला होता.

पण खरा धक्का पुढेच होता. अण्णांची अशी समजूत होती की दुपारी तयार झालेली वीज तारेतून जाऊन कुठेतरी त्यांच्या नावानं ठेवलेली असते आणि रात्री तीच परत येते. नेट मीटरचं बिल बघून कुणाचीही तशीच समजूत होईल. त्यात गेलेले युनिट, आलेले युनिट, पुढच्या महिन्याला ओढलेले युनिट असं सगळं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ठेवलेलं काहीच नसतं. दुपारी अण्णांची वीज सगळ्यांत जवळच्या घरात शिरते आणि काकूंच्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटते. रात्री अण्णांचा पंखा फिरतो तो कुठल्यातरी औष्णिक केंद्रात त्या घटकेला जळणाऱ्या कोळशावर. शिल्लक असते ती फक्त हिशेबात. आणि तो हिशेबही ३१ मार्चला मिटतो. उरलेल्या युनिटांचे बेताचे पैसे हातावर टेकवून नव्या वर्षाची पाटी कोरी होते.

‘‘म्हणजे माझ्या विजेनं तुम्ही चटण्या केल्या?’’ अण्णांनी काकूंना विचारलं.

‘‘कुरडया अर्ध्या वाळल्या त्या कुणाच्या सावलीत?’’ काकू म्हणाल्या. हिशेब तिथेच मिटला.

गल्लीतला दुसरा पंथ तात्यांचा. तात्यांचा सौरऊर्जेवर विश्वास नाही, पॅनलवर नाही, ग्रिडवर तर मुळीच नाही. त्यांचा विश्वास बॅटरीवर. हा विश्वास त्यांना लोडशेडिंगनं दिला. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी मराठवाड्यात काढली त्यांना समजावून सांगायची गरज नाही. गळती आणि वसुली बघून फीडरचे गट पाडलेले होते, ए, बी, सी असे उतरत उतरत, आणि आपण कुठल्या गटात यावरून माणसाच्या रात्रीचं भविष्य ठरायचं. पत्रिकेतला राक्षसगण चालेल, पण फीडरचा जी गट नको, असे ते दिवस. त्या काळात ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरी पाहुणे. तात्यांच्या घरी परीक्षेच्या दिवसांत सगळ्या गल्लीची पोरं अभ्यासाला बसायची. त्यातली दोन-चार इंजिनिअर झाली, त्याचं श्रेय तात्या अजूनही बॅटरीला देतात, पोरांना नाही.

तात्यांची बॅटरी शिसे-आम्लाची, १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची. कागदावर तिच्यात १.८ युनिट मावतात. पण ती निम्म्याखाली उतरवत गेलं तर लवकर दम तोडते, म्हणून हातात धरायचं ते एक युनिटच्या आसपास. जुन्या पद्धतीचे चार पंखे ७५ वॅटनं धरले तर तीन तासांचा खेळ. म्हणजे दहा रुपयांचा ऐवज ठेवायला पंधरा हजारांची पेटी. तीही तीन-चार-पाच वर्षांत बदलायची, मध्ये मध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यानं धुवायचा, व्हॅसलिन लावायचं. शिवाय उष्णता तिला सोसत नाही. पारा चाळिशीच्या वर राहिला की तिचं आयुष्य घटतं. म्हणून तात्यांनी घरातली सगळ्यांत गार, वाऱ्याची खोली बॅटरीला दिली आणि स्वतः उन्हाळाभर गच्चीवर झोपू लागले. गच्चीवर पंखा नाही. आता ज्या पंख्यासाठी बॅटरी घेतली तो पंखा बॅटरीच्या खोलीत फिरतो आणि तात्या डास मारत पडतात. पण लाईट गेली की त्यांना खालून इन्व्हर्टरची शिट्टी ऐकू येते आणि गाढ झोप लागते.

तिसरा पंथ पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या तात्यांच्या भाच्याचा. त्याचं नाव घेतलं की पाठोपाठ ‘लिथियम’ येतं. ‘‘मामा, लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, हजारो वेळा भरते आणि उतरते, पाणी घालायची कटकट नाही.’’ हे सगळं खरं. पण पुढे तो हायब्रिड इन्व्हर्टर, किलोवॅट-तास, बॅकअप लोड असं बोलू लागला की तात्या एकच प्रश्न विचारतात, ‘‘अनुदान किती?’’ सूर्यघर योजनेचं अनुदान पॅनलला आहे, बॅटरीला वेगळं नाही. भाचा गप्प बसतो. तात्या त्याला पाणी द्यायला सांगतात. बॅटरीला.

बॅटरीची खरी किंमत मात्र आमच्या आसपासच्या गावांना सरकारी पथदिव्यांनी शिकवली. खांब, खांबावर लहानसं पॅनल, पॅनलखाली पेटी आणि पेटीत बॅटरी. दिवसा भरायचं, रात्री पेटायचं, बिल नाही, वायर नाही. साठवणुकीचा इतका सोपा, सुटसुटीत नमुना शोधून सापडणार नाही. एकच घोळ झाला. दिवसभर गोळा केलेला उजेड अंधारात पहिल्यांदा ज्याच्या उपयोगी पडला तो चोर होता. त्या उजेडात त्याला पेटीचे नटबोल्ट नीट दिसले. मग पेटी गेली, नंतर पॅनल गेलं, आणि खांब राहिला. त्यावर आता वाढदिवसाचे बॅनर लागतात.

असा वाद वर्षभर चालला असता, पण एका संध्याकाळी परिषदेत आमचे निवृत्त सर आले. भौतिकशास्त्र शिकवायचे. अण्णांनी त्यांच्यासमोर नवी कल्पना मांडली. ‘‘सर, बॅटरी नकोच. दुपारी पॅनलच्या विजेवर हजार लिटरची टाकी तिसऱ्या मजल्यावर भरून ठेवायची. रात्री पाणी खाली सोडायचं, त्यावर छोटं टर्बाईन फिरवायचं. फुकट वीज, आणि खाली आंघोळ.’’

सरांनी खिशातून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. हजार किलो, दहा मीटर उंची, गुरुत्वाकर्षण ९.८. उत्तर आलं २७ वॅट-तास. म्हणजे सगळी टाकी रिकामी केली आणि वाटेत काहीही वाया गेलं नाही, तर नऊ वॅटचा एक दिवा तीन तास.

‘‘एकच दिवा?’’

‘‘एकच. आणि सकाळी धुवायला पाणी नाही.’’

ओट्यावर शोककळा पसरली. सरांनी पत्रिका उलटी फिरवून दुसरं गणित मांडलं. तेच पाणी, फक्त शंभर लिटर, वर चढवायचं नाही, नुसतं तीस अंशांनी तापवायचं. उत्तर आलं साडेतीन युनिट. तात्यांच्या तीन बॅटऱ्यांना हात लावून पुढे. गच्चीवरचा साधा सौरबंब, ज्याला आम्ही यंत्र मानायलाही तयार नव्हतो, तो दिवसभराचं ऊन गुमान पोटात घेऊन सकाळपर्यंत धरून बसतो, आणि तेही कुठलंही ॲप नसताना. काकूंच्या घरी तो कित्येक वर्षं आहे. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त अण्णांकडे पाहिलं.

अण्णांची कल्पना तशी मूर्खपणाची नव्हती. फक्त तिला तीन मजले पुरत नाहीत, सह्याद्री लागतो. घाटघरला तेच केलेलं आहे. अकोले तालुक्यात वर एक धरण, खाली कोकणाच्या बाजूला शहापूर तालुक्यात दुसरं, मध्ये चारशे मीटरहून अधिक उतार. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. १२५ मेगावॅटचे दोन संच, २००८ पासून. चढवायला चार युनिट लागले तर परत मिळतात तीनच्या आसपास. चौथं वाटेत जातं, पण संध्याकाळी सातच्या तीन युनिटांना दुपारच्या चारांहून जास्त भाव असतो, म्हणून हा तोट्याचा धंदा फायद्यात चालतो. टाटांनी भिऱ्याला १५० मेगावॅटचा तसाच संच बसवला. आपल्या पैठणला, जायकवाडीच्या पायथ्याशीही १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. तेव्हा जालन्याच्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं त्या दिवशी कुकर भरताना विजेचाही थोडा मान ठेवावा.

आणि आमच्या गावातला सगळ्यांत हुशार साठवणकार म्हणजे घाणेवाडीचा तलाव. निजामाच्या अमदानीत बांधलेला. तिथलं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या उतारानं शहराकडे येतं. त्याला मोटर लागत नाही, म्हणून लाईट गेली हे त्याला कळतच नाही. समुद्राचं पाणी सूर्यानं उचललं, ढगानं आणलं, तलावानं धरलं. यात कुणी वायरमन लागत नाही. फक्त पाऊस लागतो, आणि तो कधी कधी २०१२ सारखी रजा टाकतो.

परिषदेत शेवटचं बोलणं शेतावरून आलेल्या आमच्या मामांचं असतं, कारण शेवटच्या गाडीनं त्यांना गावाकडे परतायचं असतं. मामांच्या मते या सगळ्या शहरी गप्पा. त्यांचं आयुष्य थ्री फेजच्या वेळापत्रकावर गेलं. काही दिवस दिवसाची लाईट, काही दिवस रात्रीची. रात्रीची म्हणजे मध्यरात्री टॉर्च घेऊन गव्हाच्या बांधावर, पायाखाली साप की पाईप हे चाचपत. डीपी जळाली तर आठवडा गेला. आता शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चालू आहे. तिच्यातला राज्यातला पहिला प्रकल्प शेजारच्या जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये उभा राहिला, तीन मेगावॅटचा. ज्यांना स्वतःचा सौरपंप हवा त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच, आणि अडीच एकरांपर्यंत तीन एचपीचा पंप.

अण्णांनी मामांना विचारलं, ‘‘तुमच्या सौरपंपाला बॅटरी कुठली?’’

‘‘बॅटरी? ती कशाला?’’

‘‘मग रात्री?’’

‘‘रात्री झोपतो.’’

एवढं साधं उत्तर आमच्या परिषदेत तोवर कुणी दिलं नव्हतं. सौरपंपाला बॅटरी नसते. ऊन असेल तेव्हा तो विहिरीतलं पाणी उपसून शेततळ्यात टाकतो. पिकाला हवं तेव्हा शेततळ्यातून द्यायचं. जालना तालुक्यातल्या कडवंचीत जाऊन बघा. शेकडो शेततळी, प्लास्टिकच्या अस्तरावर निळंशार पाणी, आणि भोवती द्राक्षबागा. पाणलोटाची कामं झाली तेव्हा त्या गावाच्या डोक्यात सौरऊर्जा नव्हती. त्यांना फक्त दुष्काळात बाग जगवायची होती. पण शेतावर पॅनल आलं की त्याच्या उन्हाला बसायला तळ्यात जागा आधीपासून तयार. वीज धरून ठेवायची नाही. विजेकडून करून घ्यायचं काम धरून ठेवायचं. मामांनी हे इतक्या शब्दांत सांगितलं नाही. ते फक्त ‘‘तुम्ही शिकलेली माणसं लई जागता बुवा’’ म्हणाले आणि बस गाठायला निघाले.

शिकलेल्या माणसांना हे कळावं म्हणून वीज नियामक आयोगाला दरपत्रक बदलावं लागलं. इथल्या एमआयडीसीत सळयांचे कारखाने. जालन्याची सळई महाराष्ट्रभर घरांच्या पायात आहे. या भट्ट्यांना विजेची भूक प्रचंड. रात्री दहा ते सकाळी सहा उद्योगांना वीज सवलतीत मिळायची, कारण गाव झोपलेलं आणि कोळशाची केंद्रं मात्र विझवता येत नाहीत. म्हणून लोखंड रात्री वितळायचं. आता दुपारी सौरवीज मुबलक, तेव्हा २०२५ च्या दरपत्रकानं उद्योगांची सवलत रात्रीतून उचलून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमध्ये आणून ठेवली, आणि संध्याकाळच्या विजेवर जादा आकार ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या रात्रपाळी केलेल्या माणसाला सूर्य दाखवायचं काम अखेर विजेच्या बिलानं केलं.

घरांनाही दिवसाची तशीच सवलत लागू झाली आहे. ज्यांच्याकडे वेळेप्रमाणे नोंद ठेवणारं स्मार्ट मीटर आहे त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सूट आहे. स्मार्ट मीटरबद्दल ओट्यावर मतं तीव्र आहेत आणि ती इथे छापण्यासारखी नाहीत. पण सूट ती सूट.

तरी मस्तगडात संध्याकाळी सातला चक्कर मारून बघा. गच्चीगच्चीवर पॅनल थंड पडलेलं आणि खाली सगळ्या मोटारी एकदम घरघरतायत. अण्णांची मोटर त्यात सगळ्यांत मोठ्यांदा. दुपारी बाराला पॅनल पूर्ण जोरात असताना ती का लावत नाही, असं विचारलं तर उत्तर तयार आहे: ‘‘दुपारी मी झोपतो ना.’’ मिक्सर संध्याकाळी, इस्त्री रात्री, वॉशिंग मशीन जेवणं झाल्यावर, आणि कूलरची टाकी तर अगदी सूर्य बुडायची वाट बघत असते. दिवसभराचं ऊन फुकट जाऊ द्यायचं आणि रात्री ते परत मिळवायला बॅटरी घ्यायची, यात धंदा बॅटरीवाल्याचाच.

बॅटरी वाईट नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे, ऑक्सिजनचं यंत्र आहे, दहावीचं पोर आहे, तिथे ती हवीच, आणि पुढे स्वस्त होत गेली तर सगळीकडे येईल. पण ती शेवटी यायला पाहिजे, पहिल्यांदा नाही. आधी सौरबंब, कारण त्याच्याइतकं ऊन एवढ्या पैशांत दुसरं कुणी धरत नाही. मग ३० वॅटचा पंखा, कारण जो पंखा कमी खातो त्याच्यासाठी कमी साठवावं लागतं. तात्यांची तीच बॅटरी तीनऐवजी सात-आठ तास जाईल. मग कामांची वेळ. आणि एवढं करून रात्रीसाठी जे थोडं उरेल, पंखे, दिवे, मोबाईल, तेवढ्यापुरती बॅटरी.

तेव्हा मंडळी, दुपारची झोप थोडी मागेपुढे करा. बाराच्या ठोक्याला मोटर लावा, एकला मशीनमध्ये कपडे टाका, दोनला पीठ दळा, आणि मग खुशाल आडवे व्हा. यासाठी अर्ज नाही, कागदपत्रं नाहीत, हप्ता नाही. आणि कुरडयांच्या हंगामात पॅनल बसवणार असाल, तर आधी शेजारच्या काकूंना विचारा.